चिलखत, व्हीलचेअर आणि खडकवासला

शनिवारी पाऊस असा काही लागला की सिंहगडाचा बेत रद्द झाला. मग काय, चहाचा मग आणि लॅपटॉप. नव्वदच्या दशकातल्या विसरलेल्या मालिका उकरून काढायचा एक जुना छंद आहे, त्यात हाती लागली 'मँटिस'. फॉक्स वाहिनीवर जानेवारी १९९४ मध्ये तिचा पायलट चित्रपट दाखवला गेला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मालिका सुरू झाली आणि १९९५ च्या मार्चमध्ये गाशा गुंडाळला. जेमतेम एक सीझन. बावीस भाग. मागे सॅम हॅम आणि सॅम रायमी (हो, तोच, 'स्पायडरमॅन'वाला).

गोष्ट साधी आहे. डॉ. माइल्स हॉकिन्स हा गडगंज कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. दंगलीत पोलिसांच्या नेमबाजाची गोळी मणक्यात बसते आणि कमरेखालचं शरीर लुळं पडतं. गडी रडत बसत नाही. स्वतःसाठी एक यांत्रिक सांगाडा बनवतो, जो घातला की तो नुसता चालतो असं नाही, तर सामान्य माणसापेक्षा कितीतरी चपळ आणि ताकदवान होतो. सूटला हिरवट, टोळासारखा मुखवटा. प्रार्थनाकीटकाचं इंग्रजी नाव आणि सूटच्या लांबलचक तांत्रिक नावाची आद्याक्षरं असा दुहेरी श्लेष. शत्रूला मारायचं नाही, सुई टोचून काही वेळ लुळं करायचं. म्हणजे ज्याला गोळीने लुळं केलं तो इतरांना थोडा वेळ लुळं करतो! पटकथाकाराला हे सुचलं त्या दिवशी त्याने नक्की स्वतःलाच पार्टी दिली असणार.

मालिका कशी आहे? खरं सांगू का, पायलट बरा आहे आणि पुढे घसरण. पायलटमध्ये हॉकिन्सभोवतीची बरीचशी माणसं कृष्णवर्णीय होती. मालिका होताना वाहिनीने ती बदलून टाकली आणि नायक कार्ल लंबली जवळजवळ एकटा उरला. पुढे पुढे कथानकही भरकटत गेलं. शेवटी नायकाला एका अदृश्य डायनासोरकडून मारलं. डायनासोर. तोही अदृश्य. बजेट संपलं की असं होतं.

पण लंबली उत्तम आहे. आणि त्या मालिकेतलं एक दृश्य डोक्यातून जात नाही. व्हीलचेअरवरचा हॉकिन्स खोलीत येतो, लोक बोलतच राहतात, त्याच्या डोक्यावरून. त्याला वगळून नव्हे, पण जणू तो थोडा कमी हजर आहे अशा रीतीने. मालिकेचा सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे: रात्री मुखवटा घालून शहर वाचवणारा माणूस हाच, असा संशय कुणालाच येत नाही, कारण तो व्हीलचेअरवर आहे. सुपरमॅनला निदान चष्मा तरी लावावा लागतो. हॉकिन्सला काहीच लावावं लागत नाही. लोकांचा समज हाच त्याचा मुखवटा.

असो. माझ्यातला इंजिनियर जागा झाला आणि प्रश्न पडला की असं खरंच कुणी केलंय का? अपंगत्व आलं म्हणून स्वतः चिलखत बनवणारा शास्त्रज्ञ?

आहे. इस्रायलमधले अमित गोफर. इंजिनियर माणूस. १९९७ साली अपघातात मानेखालचं शरीर निकामी झालं. व्हीलचेअरवर बसल्यावर त्यांना जो प्रश्न पडला तो कुठल्याही इंजिनियरला पडावा असाच होता: चाकाची खुर्ची ही शेकडो वर्षं जुनी कल्पना, त्यानंतर कुणी काहीच का केलं नाही? २००१ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि 'रीवॉक' नावाचा सांगाडा तयार केला. नितंब आणि गुडघ्याच्या सांध्यांवर मोटरी, पाठीवर बॅटरी, आणि शरीर किती झुकलंय ते ओळखणारा सेन्सर. माणूस जरा पुढे झुकला की यंत्राला कळतं, पाऊल टाकायचंय. ते मेंदूतले संदेश वगैरे काही अडवत नाही. नुसता तोल वाचतं. २०१२ मध्ये क्लेअर लोमास या ब्रिटिश बाईंनी तो घालून लंडन मॅरेथॉन पूर्ण केली, सोळा-सतरा दिवस रोज थोडं थोडं चालून. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घरी वापरायला परवानगी दिली.

आता यातली गोम ऐका. रीवॉक वापरायला कुबड्या लागतात, कारण तोल यंत्र सांभाळत नाही, माणसाला सांभाळावा लागतो. कुबड्या धरायला हात धड हवेत. गोफर यांचे हात धड नव्हते. म्हणजे ज्याने चिलखत बनवलं त्यालाच ते घालता येईना! इतरांना चालताना बघत तो माणूस कित्येक वर्षं खुर्चीतच बसून होता. नंतर त्यांनी स्वतःसारख्यांसाठी उभं राहता येईल अशी वेगळी चाकांची गाडी बनवली आणि तीत ते उभे राहिले. हा ट्विस्ट मँटिसच्या लेखकांना सुचला नव्हता.

तसं यांत्रिक चिलखताचं वेड जुनं. जनरल इलेक्ट्रिकने १९६५ च्या सुमारास 'हार्डिमॅन' नावाचा राक्षस करायला घेतला. वजन पाऊण टनाच्या आसपास. अख्खा सुरू केला की असा झटके देऊन थैमान घालायचा, की आत माणूस ठेवून तो कधी चालू करण्याची कुणाची छाती झाली नाही. शेवटी एका हातावरच प्रयोग झाले. ज्यांनी कधी प्रॉडक्शनला शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय केलंय त्यांना ही भावना कळेल. त्याच काळात बेलग्रेडमध्ये मिओमीर वुकोब्रातोविच यांचा गट मात्र पॅराप्लेजिक रुग्णांसाठी चालणारे सांगाडे बनवत होता. तोल टिकवण्यासाठी त्यांनी मांडलेलं गणित पुढे दोन पायांवर चालणाऱ्या यंत्रमानवांच्या संशोधनाचा पाया ठरलं. अमेरिकेत ताकद वाढवायची होती, बेलग्रेडमध्ये उभं करायचं होतं. टिकलं दुसरं.

आणि किंमत? २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअरने अशा सांगाड्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली, आकडा नव्वद हजार डॉलरच्या पुढे. पाऊण कोटी रुपये. मँटिस गडगंज का होता ते इथे कळलं.

रविवारी पाऊस उघडला, बाइक काढली आणि खडकवासल्याला गेलो. चौपाटीवर नेहमीची जत्रा, भाजलेलं कणीस, कांदाभजी आणि धरणाच्या भिंतीला समांतर अशी, हलायचं नाव न घेणारी गाड्यांची रांग. पाण्यापलीकडे एनडीएची हद्द. मागे सिंहगड. आणि तिथे उभं राहून एकदम ट्यूब पेटली की मी ज्याला अमेरिका-इस्रायलमध्ये शोधत होतो तो माणूस या तळ्याच्या त्या काठावर घडलाय.

सिंहगडाकडे बघताना आठवतो तो तानाजीच. १६७० च्या फेब्रुवारीतली ती रात्र. ढाल तुटली तेव्हा हाताला शेला गुंडाळून त्याने वार झेलले असं परंपरेने सांगतात. चिलखत गेल्यावर जे हाताशी असेल त्याचं चिलखत करायचं. लहानपणी शाळेच्या सहलीत हे ऐकून आपण सगळेच टॉवेल गुंडाळून लढलोय.

पण मी म्हणतोय ते इयान कार्डोझो. मुंबईत १९३७ साली जन्म. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी डेहराडूनहून खडकवासल्याला आली १९५४ च्या अखेरीस, रीतसर उद्घाटन १६ जानेवारी १९५५ ला. कार्डोझो तिथल्या सुरुवातीच्या काळातले कॅडेट, आणि सर्वांगीण कामगिरीचं सुवर्ण व गुणवत्तेतलं पहिलेपणाचं रौप्य अशी दोन्ही पदकं मिळवणारे पहिले. पुढे पाचव्या गोरखा रायफल्समध्ये. गोरख्यांच्या जिभेला 'कार्डोझो' काही वळेना, त्यांनी सरळ 'कार्तूस साहेब' करून टाकलं. काडतूस! सुपरहीरोचं नाव असावं तर असं.

१९७१ साली ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात कोर्स करत होते. त्यांच्या बटालियनचे, म्हणजे ४/५ गोरखाचे, उपप्रमुख अटग्रामच्या लढाईत धारातीर्थी पडले आणि त्यांच्या जागी कार्डोझोंना धाडलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही बटालियन हेलिकॉप्टरने सिल्हेटजवळ उतरवली गेली. आपल्या लष्कराची अशी पहिलीच कारवाई. बीबीसीने चुकून बातमी दिली की अख्खी ब्रिगेड उतरलीय. गोरख्यांनी हुशारीने तो समज टिकवून धरला, आणि कित्येक पटींनी मोठ्या शत्रूला रोखून ठेवलं.

युद्ध संपल्यासारखं होतं. ढाक्यात शरणागती झाली होती. आणि नेमका तेव्हा कार्डोझोंचा पाय सुरुंगावर पडला.

पुढचं त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींमध्ये सांगितलंय, जवळजवळ विनोद सांगावा तसं. पायाचा चेंदामेंदा झालेला. मॉर्फिन आहे का? नाही, बॉम्बहल्ल्यात सगळं नष्ट झालं. पाय कापायला काही हत्यार? नाही. मग सोबतच्या गोरख्याला म्हणाले, माझी खुकरी आण, आणि काप. तो म्हणाला, साहेब, मला नाही जमणार. तेव्हा खुकरी स्वतःच्या हातात घेतली आणि स्वतःच कापला. कापून झाल्यावर हुकूम काय, तर आता हा नेऊन पुरून टाका.

हे लिहिताना माझे तळपाय गार पडलेत. आपण नखाजवळची सालपटं निघाली तरी बँडएड शोधतो.

नंतर शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी असलेल्या पाकिस्तानी सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. कार्डोझोंचा आधी नकार होता, शत्रूच्या हातून नको, शत्रूचं रक्त तर नकोच. कमांडिंग ऑफिसरने गप्प बसवलं. बशीर यांनी काम चोख केलं. त्यांचे आभार मानायचे राहून गेले, याची खंत कार्डोझोंनी पुढे बोलून दाखवली.

आणि मग पुणे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र. रेसकोर्सच्या बाजूने आपण कितीदा जातो, पाटी कधी वाचली नसेल. दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये हे सुरू झालं, पुढे नागरिकांनाही दारं उघडली. इथे बनलेला पाय कार्डोझोंनी घातला. हेच त्यांचं चिलखत म्हणायचं. त्यात मोटर नव्हती, बॅटरी नव्हती, अतिमानवी ताकद तर मुळीच नव्हती.

कृत्रिम पाय म्हणजे नक्की काय, हे मला माहीत नव्हतं, वाचत गेलो तसं उमगलं की खरी मारामारी सॉकेटची असते. खुंटाला जिथे पाय जोडला जातो ती वाटी. शरीराचं सगळं वजन, जे निसर्गाने तळपायावर टाकायचं ठरवलं होतं, ते आता मांडीच्या किंवा पोटरीच्या अशा कातडीवर येतं जी त्यासाठी बनलेलीच नाही. वाटी जराशी सैल, की घासून जखम. जराशी घट्ट, की रक्त अडतं. खुंटाचा आकार बदलत राहतो, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. म्हणजे इंटरफेस चुकला तर आतलं इंजिन कितीही भारी असो, उपयोग शून्य. (हे वाक्य मी ऑफिसात सोमवारी वापरणार आहे.) आपल्याकडे या क्षेत्रातली मोठी झेप म्हणजे जयपूर फूट, डॉ. प्रमोद सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांचा, १९६८ चा. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात चालतो, आणि स्वस्त. मुंबईची नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. पुढे डॉ. अब्दुल कलामांच्या क्षेपणास्त्रवाल्या मंडळींनी पोलिओग्रस्त मुलांचे तीन किलोंच्या वरचे धातूचे कॅलिपर पाहिले आणि अग्नीसाठी वापरलेल्या हलक्या साहित्यातून तीनशे ग्रॅमचे बनवून दिले. शास्त्रज्ञ, चिलखत, अपंगत्व, तिन्ही गोष्टी इथेही आहेत, फक्त मुखवटा नाही.

तर कार्डोझो. पाय बसला, पण लढाई आता सुरू झाली. लष्कराचं म्हणणं सरळ होतं: टेबलामागची नोकरी घ्या, मान आहे, पगार आहे. त्यांना बटालियन हवी होती. पायदळाची. म्हणजे डोंगर, बर्फ, पाठीवर ओझं. त्यांनी शारीरिक चाचणी द्यायची ठरवली तर वरिष्ठांनी मनाई केली. भाग घेतलात तर अटक करू, इथपर्यंत! तरी दिली. दोन पायांच्या सात अधिकाऱ्यांना मागे टाकलं, असं ते सांगतात. तरी फाइल हलेना. शेवटी लष्करप्रमुख जनरल तपीश्वर नारायण रैना यांनी त्यांना लडाखला सोबत नेलं, बर्फातून चालताना स्वतः पाहिलं आणि मग होकार दिला. रैनांनी स्वतः दुसऱ्या महायुद्धात एक डोळा गमावला होता. हा योगायोग आहे की नाही, तुम्ही ठरवा. मला तरी वाटतं की ती फाइल दोन्ही डोळे शाबूत असलेल्या माणसाच्या टेबलावर अजून दहा वर्षं पडली असती.

पायदळाच्या बटालियनचं नेतृत्व करणारे ते लष्करातले पहिले अपंग अधिकारी. पुढे ब्रिगेडही. मेजर जनरल म्हणून १९९३ मध्ये निवृत्त. नंतर अपंगांसाठीच्या संस्थेत काम, २००५ ते २०११ भारतीय पुनर्वास परिषदेचं अध्यक्षपद, आणि मुंबई मॅरेथॉन वेगळीच.

आता मँटिस आणि कार्तूस साहेब शेजारी ठेवा. मँटिसमध्ये चिलखत मिळालं की प्रश्न सुटतो. खऱ्या आयुष्यात चिलखत पुण्यातच काही महिन्यांत मिळालं; पुढची कित्येक वर्षं गेली ती परवानगी मिळवण्यात. तो पायाचा प्रश्न नव्हता, सहीचा होता.

मुरलीकांत पेटकर तर चिलखताच्या भानगडीतच पडले नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा गडी, लष्करात ईएमईमध्ये, मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली ती कायमची. हॉकिन्सला गोळी लागली तीही मणक्यातच, आणि पडद्यावरच्या त्या कथेच्या एकोणतीस वर्षं आधी आपल्या माणसाला खरी लागली होती. पेटकर पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पाण्यात वजनच नाही, म्हटल्यावर चिलखत कशाला? नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी. आणि पद्मश्री कधी? २०१८. शेहेचाळीस वर्षांनी. बऱ्याच जणांना हे नाव २०२४ मध्ये 'चंदू चँपियन' आला तेव्हा कळलं. मीही त्यांतलाच, लपवत नाही.

इथपर्यंत लिहून थांबणार होतो. छान झालं असतं, शौर्यकथा, जय हिंद, रविवार संपला. पण खडकवासल्याच्या त्याच काठावरची दुसरी गोष्ट ऑगस्ट २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत आली होती, ती आठवली आणि मग थांबता येईना.

एनडीएत प्रशिक्षण घेताना मुलं जखमी होतात. बॉक्सिंग, घोडेस्वारी, अडथळ्यांची शर्यत, पोहणं. वय सतरा-अठरा-एकोणीस. काहींची जखम अशी असते की पुन्हा उभं राहणं नाही. अशा मुलांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवतात. १९८५ पासून सगळ्या लष्करी प्रबोधिनींमधून मिळून अशी सुमारे पाचशे मुलं बाहेर पडली, आणि २०२१ ते जुलै २०२५ या काळात एकट्या एनडीएतून वीसेक, असं त्या बातमीत होतं. आता नियमातली खाच बघा. जखम झाली तेव्हा ते कमिशन्ड अधिकारी नव्हते. म्हणून माजी सैनिक नाहीत. म्हणून तेव्हा माजी सैनिकांची आरोग्य योजना नव्हती, पेन्शन नव्हती; मिळत होती ती सानुग्रह रक्कम, महिन्याला जास्तीत जास्त चाळीस हजारांपर्यंत. मणक्याच्या दुखापतीच्या माणसाला लागणारी औषधं, मदतनीस, फिजिओथेरपी यांचा हिशोब ज्यांनी घरात केलाय त्यांना हा आकडा किती पुरतो ते विचारा.

म्हणजे कार्डोझोंचा पाय बटालियनचे उपप्रमुख असताना गेला. तोच त्यांच्या कॅडेट असण्याच्या दिवसांत, याच तळ्याच्या काठी गेला असता, तर? आजच्या नियमाने ते कोण ठरले असते? लष्करी इतिहासात त्यांच्या नावाची ओळही नसती.

त्या बातमीनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्यापुढे प्रकरण आलं, न्यायालयाने केंद्राला विमा, वाढीव रक्कम, पुनर्वसन, झेपेल अशी दुसरी नोकरी यांबद्दल विचारणा केली. महिना संपायच्या आत सरकारने या मुलांना माजी सैनिकांची आरोग्य योजना लागू केली. चाळीस वर्षं जे होत नव्हतं ते दोन-अडीच आठवड्यांत झालं. आनंद मानायचा की कपाळावर हात मारायचा, मला कळलं नाही.

दुसरी नोकरी हा मुद्दा मात्र मला जास्त टोचला, कारण तो आमच्या दारात येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येणार नाही. त्यातून सैन्यदलांची लढाऊ पदं २०२१ मध्ये वगळली गेली. समजू शकतो, युद्धाची गरज वेगळी. पण मग ती विशीतली, निवडीच्या भयंकर चाळणीतून गेलेली पोरं जातात कुठे? कीबोर्ड चालवायला पाय लागत नाहीत. मी एका आयटी पार्कात काम करतो, तिथे प्रवेशद्वाराशी सुंदर ग्रॅनाइटचा रॅम्प आहे, आणि त्याच्या तोंडाशी साखळी, का तर लोक बाइक चढवतात. किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला मला मागच्या महिन्यात अर्धा तास लागला होता, एका कुबड्यांवरच्या उमेदवाराला इंटरव्ह्यूला वर न्यायचं होतं म्हणून. तो शेवटी पायऱ्या चढून आला. घामाघूम. पहिलाच प्रश्न मी लिंक्ड लिस्टवर विचारला, आणि विचारताना मलाच लाज वाटत होती.

परतताना एनडीएच्या फाट्यापाशी थांबलो. आत काही दिसत नाही, नुसतं गेट, झाडं आणि लांबवर गेलेला रस्ता. आत सायकलींवरून रांगेत जाणारी पोरं असतात म्हणे, सायकल पंक्चर झाली तर खांद्यावर घेऊन पळायचं. मागून कुणीतरी जोरात हॉर्न मारला. वारज्यापर्यंत ट्रॅफिक तुंबलं होतं.